डेटा किती, नेट कसं, बॅकअप कुठे?

मराठवाड्यात कॉम्प्युटरमधला डेटा जायची कारणं ऋतूप्रमाणे बदलतात. एप्रिल-मेमध्ये परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ वर जातो, पत्र्याच्या गाळ्यातला कॉम्प्युटर धूळ खात तापत राहतो आणि वोल्टेजचा काही नेम नसतो. वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो. सप्टेंबरात पाण्याची भीती. २०२५ साली सीना, मांजरा आणि गोदावरीकाठच्या गावांत घरादुकानांत कसं पाणी शिरलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय बाराही महिने चालणारी कारणं आहेतच: चोरी, व्हायरस आणि घाईत चुकीच्या फोल्डरवर दाबलं गेलेलं डिलीट.

त्यामुळे "बॅकअप क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत, ठेवू की हार्ड डिस्क घेऊ?" असं कुणी विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो. डेटा किती जीबी आहे? आणि तुमच्या नेटचा अपलोड स्पीड, म्हणजे फाइली वर चढवायचा वेग, किती? या दोन आकड्यांशिवाय दिलेला सल्ला पुण्या-मुंबईच्या माणसाला लागू पडेल, पण गंगाखेडच्या किंवा भूमच्या माणसाला पडेलच असं नाही.

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक लोकांनी डेटाचे दोन वाटे करावेत. आकारानं लहान, पण गेला तर परत न मिळणारा डेटा, म्हणजे हिशोब, कागदपत्रं, नोट्स, निवडक फोटो, हे आजच क्लाउडवर जावं. व्हिडिओ आणि मोठमोठ्या फाइलींसारखा अवजड डेटा दोन हार्ड डिस्कवर जावा आणि त्या दोन डिस्क एका छपराखाली नसाव्यात. असं का, ते आता सविस्तर बघू.

बॅकअप कशाला म्हणायचं

बॅकअप म्हणजे डेटाची दुसरी प्रत. पण ती अशी हवी की पहिली प्रत ज्या कारणानं गेली, त्याच कारणानं दुसरी जायला नको. या व्याख्येचा उत्तरार्ध लोक विसरतात.

"डी ड्राइव्हला टाकून ठेवलंय, काही टेन्शन नाही," हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. कॉम्प्युटर जुळवून देताना दुकानदार बहुतेक वेळा एकाच हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो. विंडोज बिघडलं आणि सी फॉरमॅट मारावा लागला, तर डी वाचतो. त्याचा उपयोग तेवढाच. डिस्कच बंद पडली तर तिन्ही एकदम जातात. स्वतः तपासायचं असेल तर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा आणि डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या बाजूला 'डिस्क ०' असं लिहिलेलं दिसेल. तिच्यासमोर एकाच ओळीत सी, डी, ई दिसले, तर ते सगळे एकाच पत्र्याच्या डबीत आहेत.

पेन ड्राइव्ह हा फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक, सांभाळून ठेवायला नाही. तो हरवतो, धुण्यात जातो आणि काही पूर्वसूचना न देता बंद पडतो. ऑनलाइन किंवा आठवडी बाजारात मिळणारे 'एक टीबी, फक्त चारशे रुपये' छापाचे पेन ड्राइव्ह तर घेऊच नका. त्यातली चिप कॉम्प्युटरला एक टीबी असल्याचं खोटं सांगते. प्रत्यक्षात जागा असते थोडीशीच. ती भरली की पुढच्या फाइली कॉपी झाल्यासारख्या दिसतात, पण उघडत नाहीत.

फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवणारेही पुष्कळ आहेत. साध्या पद्धतीनं पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप दाबून लहान करतं, त्यामुळे मूळ प्रत तिथे नसतेच. शिवाय अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप आता गूगल खात्याच्या जागेतच मोजला जातो, त्यामुळे ती जागाही फुकट राहिलेली नाही.

आकडेमोड

लातूरच्या मोंढ्यातलं एखादं आडत दुकान घ्या. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची आवक, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, हमाली-तोलाई, व्यापाऱ्यांकडची येणी, जीएसटी, सगळं टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. मुनीम सीझनमध्ये रात्री दहापर्यंत नोंदी करत बसलेला असतो. त्या दुकानाचा जीव या डेटात अडकलेला आहे, पण आकार बघाल तर वर्षाचा डेटा सहसा काहीशे एमबीच्या आत. म्हणजे लग्नातल्या एका व्हिडिओ क्लिपपेक्षाही लहान.

आता अंबाजोगाईचा किंवा सेलूचा लग्नाचा फोटोग्राफर घ्या. दोन कॅमेरे, एक ड्रोन, हळदीपासून पाठवणीपर्यंतचं शूटिंग. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न दाबलेले मूळ फोटो, आणि फोर-के व्हिडिओ धरून एका लग्नाचे तीनशे जीबी सहज होतात. लग्नसराईत एका आठवड्यात तीन-तीन तारखा.

नेटचा स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलचा आकार मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून ४० एमबीपीएसचं कनेक्शन म्हणजे सेकंदाला ५ एमबी, त्याहून जास्त नाही. या स्पीडनं ३०० जीबी वर चढवायला ६०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा तास लागतात. तेही फायबर असेल, अपलोड पूर्ण ४० मिळत असेल आणि मध्ये लाइट गेली नाही तर. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर अपलोड ५ एमबीपीएस मिळत असेल, तर हेच काम अखंड साडेपाच दिवस चालेल. आणि रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर करायचं म्हटलं तर दीडशे दिवस.

हार्ड डिस्कला किती वेळ? यूएसबी ३ च्या पोर्टला लावलेली साधी पोर्टेबल डिस्क मोठ्या फाइली सेकंदाला शंभरेक एमबीनं घेते. ३०० जीबी पन्नास मिनिटांत. जुन्या यूएसबी २ पोर्टला लावली तर तेच काम पावणेतीन तासांवर जातं, म्हणून केबल लावताना पोर्ट बघून लावा. यूएसबी ३ चं पोर्ट बहुधा आतून निळं असतं.

आणखी एक बाब लोकांच्या लक्षात येत नाही. जेवढा वेळ चढवायला, साधारण त्याच हिशोबात परत उतरवायलाही लागतो. कॉम्प्युटर जळाला, ग्राहक अल्बमसाठी दारात उभा आहे आणि तुमचे ३०० जीबी क्लाउडवर सुखरूप आहेत. उतरवून घ्यायला दीड-दोन दिवस गेले, तर त्या सुखरूपपणाचा त्या दिवशी काय उपयोग?

म्हणून आडत दुकानाला क्लाउड हा पहिला पर्याय आणि फोटोग्राफरला हार्ड डिस्क. दोघं एकाच गल्लीत असले, तरी उत्तर वेगळं. तुमच्या नेटचा खरा अपलोड बघायला कुठल्याही स्पीड टेस्टच्या साइटवर जा आणि 'डाउनलोड'चा मोठा आकडा सोडून 'अपलोड'चा आकडा बघा. संध्याकाळी आठ-नऊच्या सुमारास तपासलंत तर जास्त खरं कळेल, कारण तेव्हा सगळी गल्ली नेटवर असते.

हार्ड डिस्क: फायदे आणि तिचे शत्रू

डिस्क एकदाच विकत घ्यायची, दर महिन्याला पैसे नाहीत, नेट नसलं तरी चालते, आणि तुमचा डेटा तुमच्याच हातात राहतो. हे फायदे खरे आहेत. पण ती वस्तू नाजूक आहे. साध्या हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत तबकडी मिनिटाला काही हजार फेऱ्यांनी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक हेड, तबकडीला न टेकता, अगदी सूक्ष्म अंतरावरून सरकत असतं. चालू असताना डिस्क हातातून निसटली तर हेड तबकडीला घासतं. म्हणून लॅपटॉपला लटकत्या केबलनं डिस्क जोडून इकडे तिकडे फिरू नये. गाडीवरून न्यायची असेल, तर बंद करून, जाड कापडात गुंडाळून न्यावी. आपल्या रस्त्यांचे धक्के तिला सोसत नाहीत.

डिस्क टक-टक आवाज करायला लागली तर पुन्हा पुन्हा लावून बघण्याचा मोह आवरा. प्रत्येक वेळी लावताना उरलेला डेटाही खरवडला जाऊ शकतो. केबल काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. तो खर्च हजारोंमध्ये जातो आणि डेटा मिळेलच याची हमी कुणी देत नाही.

एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे धक्क्यांची भीती फार कमी आणि स्पीड कितीतरी जास्त. मात्र एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडून राहणं चांगलं नाही, कारण तिच्यातला डेटा विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो आणि तो हळूहळू झिरपतो. रोजच्या कामाला एसएसडी, कपाटातल्या प्रतीला साधी हार्ड डिस्क, अशी विभागणी मला योग्य वाटते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला कायमची लावून ठेवू नका.

कितीतरी दुकानांत हे चित्र दिसतं: टेबलाच्या कडेला काळी डिस्क, केबल वर्षभर लागलेलीच, तिच्यावर बिलबुक ठेवलेलं. बॅकअप रोज होतो, यात शंका नाही. पण वीज पडली आणि लाइनमधून झटका आला, तर कॉम्प्युटरबरोबर तीही जाते. चोर सीपीयू उचलतो, तेव्हा केबलसकट तीही उचलतो. आणि रॅन्समवेअर शिरलं, तर जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवरच्या फाइलींना कुलूप घालतं. रॅन्समवेअर म्हणजे फाइली गुप्त संकेतात बदलून खंडणी मागणारा व्हायरस. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' जगभर पसरला, तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. तेव्हापासून त्याचे नवनवे प्रकार येतच आहेत आणि बनावट बिलाच्या ईमेलमधून किंवा चोरीच्या सॉफ्टवेअरमधून ते सहज आत येतात. काढून ठेवलेल्या डिस्कला मात्र कुठलाच व्हायरस हात लावू शकत नाही.

म्हणून डिस्क लावायची, कॉपी करायची, 'सेफली रिमूव्ह' करायची, काढायची. यूपीएस आहे म्हणून निर्धास्त राहू नका. यूपीएस लाइट गेल्यावर कॉम्प्युटर नीट बंद करायला वेळ देतो, पण जवळ पडलेल्या विजेपुढे त्याचा टिकाव लागत नाही. आभाळ गडगडायला लागलं की प्लग काढणं आणि नेटची वायर काढणं, हाच खात्रीचा उपाय.

क्लाउड म्हणजे शेवटी एक इमारतच

क्लाउड म्हटलं की डेटा हवेत कुठेतरी तरंगतोय असं वाटतं. प्रत्यक्षात तो कुठल्यातरी डेटा सेंटरमधल्या डिस्कवर असतो. मोठ्या कंपन्या एका डेटाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात, त्यांच्याकडे जनरेटर असतात, पहारा असतो. तुमच्या-माझ्या घरापेक्षा ती जागा नक्कीच सुरक्षित आहे. पण अभेद्य नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली आणि ज्यांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती अशा अनेक ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांचा 'जी-ड्राइव्ह' नावाचा ८५८ टेराबाइटचा साठा त्यात नष्ट झाला, आणि त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. एवढ्या प्रगत देशाच्या सरकारची ही गत.

आपल्या अजिंठ्याची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. लेण्यांतली चित्रं झिजत चालली आहेत म्हणून त्यांच्या प्रती करायला १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्यानं जवळजवळ दोन दशकं तिथे राहून मोठमोठी तैलचित्रं केली आणि ती लंडनला गेली. तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडलेली असताना डिसेंबर १८६६ मध्ये आग लागली आणि बहुतेक चित्रं जळाली. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा पहिल्यापासून काम सुरू केलं. त्या प्रतीही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्याही बऱ्याच जळून खराब झाल्या. मूळ चित्रं वाघूरच्या घळीत अजून आहेत. वर्षानुवर्षांची मेहनत एकाच ठिकाणी, एकाच छपराखाली ठेवली गेली, मग ते ठिकाण सातासमुद्रापलीकडचं असलं तरी धोका तोच राहिला. तुमचा डेटा फक्त क्लाउडवर असेल आणि कॉम्प्युटरमधून काढून टाकलेला असेल, तर तुमच्याकडे बॅकअप नाही, एकच प्रत आहे. ती फक्त दूर आहे.

आग ही तरी क्वचित घडणारी गोष्ट. सामान्य माणसाचा क्लाउडवरचा डेटा बहुतेक वेळा जातो तो खात्याच्या गोंधळामुळे, आणि या बाबतीत आपल्याकडे फार निष्काळजीपणा आहे. दुकानाचं गूगल खातं कामावरच्या पोरानं स्वतःच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं असतं. पोरगा काम सोडून पुण्याला जातो, सिमकार्ड बदलतो, आणि नव्या कॉम्प्युटरवर लॉगिन करताना ओटीपी भलत्याच्याच फोनवर जातो. खातं मालकाच्या नावावर, मालकाच्या नंबरवर हवं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा आणि गूगल आठ-आठ आकड्यांचे जे दहा बॅकअप कोड देतं, त्यांची प्रिंट काढून गाळ्याच्या करारनाम्यासोबत कपाटात ठेवा. फोन हरवला तरी त्या कोडनं आत जाता येतं.

फुकट जागेचा हिशोबही माहीत असू द्या. गूगलच्या खात्याला १५ जीबी मिळते, पण ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून. जून २०२१ पर्यंत गूगल फोटोवर ठरावीक दर्जाचे फोटो कितीही ठेवता येत होते, ती सोय आता नाही. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह आणि ॲपलचं आयक्लाउड ५ जीबीच देतात. जागा भरली की नवीन फाइली चढत नाहीत, गूगलच्या बाबतीत तर ईमेल येणंही थांबतं. पैसे भरून जागा घ्यायची, तर गूगलचा १०० जीबीचा प्लॅन महिन्याला साधारण १३० रुपयांचा आहे. आडत दुकानाला, शिक्षकाला, वकिलाला एवढी जागा भरपूर झाली. २ टीबीला महिन्याला साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे वर्षाला सात-आठ हजार, आणि तेही दर वर्षी. फोटोग्राफरनं हा आकडा डिस्कच्या किमतीशी ताडून बघावा. आणि एखादं गूगल खातं दोन वर्षं कुणी वापरलंच नाही, तर गूगल ते बंद करून आतला डेटा काढून टाकू शकतं. डेटा चढवून विसरून गेलात, असं इथे चालत नाही.

सिंक म्हणजे बॅकअप नाही

ही गफलत सगळ्यात महागात पडते. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडलं की फोल्डर आपोआप वर जातं, यालाच सिंक म्हणतात. छान वाटतं. पण हे आरशासारखं आहे: इकडे जे कराल तेच तिकडे दिसणार. इकडे फाइल पुसली की तिकडची पुसली जाते. इकडे रॅन्समवेअरनं कुलूप घातलं की तिकडे कुलूप लागलेली फाइल चढते.

सुटायची वाट असते, पण मुदतीची. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये पुसलेली फाइल ३० दिवस राहते आणि बदललेल्या फाइलच्या जुन्या आवृत्त्याही साधारण तेवढेच दिवस मिळतात. म्हणजे मार्चअखेरच्या गडबडीत पुसलेली फाइल जूनमध्ये सीएनं मागितली, तर ती गेलेली असते. यावर उपाय साधा आहे. रोज तारखेच्या नावानं वेगळं फोल्डर करायचं, जुनं फोल्डर तसंच ठेवायचं आणि दर महिन्याची एक प्रत वर्षभर जपायची. टॅलीचा डेटा लहानच असतो, वर्षाच्या बारा प्रतींना फार जागा लागत नाही. टॅलीचं चालू डेटा फोल्डरच सिंकला लावण्याचा शॉर्टकट मात्र टाळा. काम चालू असताना अर्धवट फाइली वर जातात आणि डेटा खराब होण्याची भीती असते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू उघडतो, त्यातला बॅकअप घ्या आणि ती तयार झालेली फाइल क्लाउडवर टाका.

कायद्याचीही बाजू आहे. जीएसटीचे हिशोब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कॉम्प्युटरवर ठेवलेल्या हिशोबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवण्याचा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. अशा वेळी सीएला विचारूनच क्लाउड निवडा.

तीन, दोन, एक

जगभर एक सोपा नियम चालतो. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकारानं तो रूढ केला: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. आपल्या भागात तो असा बसवता येतो. दुकानदारासाठी कॉम्प्युटरमधली मूळ प्रत, घरी कपाटात ठेवलेली डिस्क आणि क्लाउडवरची फाइल. फोटोग्राफरसाठी कॉम्प्युटर, स्टुडिओतली एक डिस्क आणि दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा सासुरवाडीला ठेवलेली दुसरी डिस्क, जी येता-जाता अदलाबदल करता येते. नदीकाठी दुकान असेल, तर दुसरी डिस्क त्याच गल्लीतल्या घरी ठेवून भागत नाही. ती उंचावरच्या वस्तीत किंवा दुसऱ्या गावातच हवी. ग्राहकाला पेन ड्राइव्ह दिला म्हणजे आपली जबाबदारी संपली, असंही समजू नका. अल्बम छापून घरी जाईपर्यंत कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट करू नये, असं मला वाटतं.

सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. तुमच्या फोल्डरमध्ये गावाचे आधार, पॅन, बँक पासबुकांचे स्कॅन पडलेले असतात. त्यांचा बॅकअप घेण्याआधी, ते ठेवायची खरंच गरज आहे का ते बघा. काम झालं की पुसणं हेच लोकांच्या हिताचं. जे ठेवावंच लागतं ते पासवर्डनं बंद केलेल्या डिस्कवर ठेवा. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे, होम आवृत्ती असेल तर व्हेराक्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर चालतं. फक्त पासवर्ड विसरलात तर ती डिस्क उघडणं फार अवघड होऊन बसतं, म्हणून तो कागदावर लिहून डिस्कपासून वेगळा ठेवा.

डीटीपी आणि प्रिंटिंगवाल्यांसाठी

छापखान्यांची अडचण वेगळी असते आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. लग्नपत्रिका, वार्षिक अहवाल, शाळेची स्मरणिका, दिवाळी अंक हे सगळं वर्षानुवर्षं पेजमेकर आणि कोरलड्रॉमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं असतं. हे फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षर-संकेतांचे, नाहीत. त्यात 'क' ज्या संकेतानं साठवलेला असतो, तो संकेत कॉम्प्युटरच्या दृष्टीनं एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. तो विशिष्ट फॉन्ट असला तरच त्याचा 'क' दिसतो. नव्या कॉम्प्युटरवर फाइल सुखरूप आली, पण फॉन्ट आला नाही, तर मजकुराच्या जागी तिरपागडी चिन्हं दिसतात. फाइल आहे, मजकूर नाही.

म्हणून इथे बॅकअप म्हणजे फाइली, त्यांत वापरलेले सगळे फॉन्ट, सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा इन्स्टॉलर आणि त्याचा लायसन्स क्रमांक. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालण्यासाठी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली, असेल तर त्याची प्रत निघत नाही, तो जपावाच लागतो. शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाची, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ काढून ठेवा. पुढे फॉन्ट मिळाला नाही तरी पान जसंच्या तसं छापता येईल. आणि ज्या पुस्तकांचा मजकूर पुन्हा लागणार आहे, तो आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घ्या. जुने सॉफ्टवेअर चालवणारे कॉम्प्युटर एकेक करून बंद पडत चाललेत, उशीर कराल तितकं ते अवघड होईल. मराठवाड्यातल्या कितीतरी स्थानिक इतिहासाची, संस्थांच्या स्मरणिकांची एकमेव प्रत अशा छापखान्यांतच आहे, म्हणून हे कळकळीनं सांगतोय.

परत आणून बघा

बॅकअप घेतला जातोय, हे कळणं पुरेसं नाही. तो परत येतो का, हे तपासावं लागतं. याला पंधरा मिनिटं लागतात.

टॅलीचं उदाहरण घेऊ. डी ड्राइव्हवर 'तपासणी' नावाचं कोरं फोल्डर करा. क्लाउडवरची किंवा डिस्कवरची बॅकअप फाइल कॉम्प्युटरवर उतरवा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय, मग रिस्टोअर. परत कुठे आणायचं हे विचारलं जातं, तिथे 'तपासणी' फोल्डरच द्या. इथे चालू डेटाचा पत्ता चुकूनही देऊ नका, नाहीतर आजच्या नोंदींवर जुन्या नोंदी बसतील. मग तपासणीतली कंपनी उघडा आणि तीन ठिकाणी बघा: शेवटची नोंद कुठल्या तारखेची आहे, रोख शिल्लक वहीशी जुळते का, आणि एखाद्या मोठ्या व्यापाऱ्याचं खातं पूर्ण दिसतं का. शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची निघाली, तर बॅकअप चार महिन्यांपासून बंद पडलाय आणि ते कुणाला कळलेलं नाही. असं खूप ठिकाणी निघतं.

फोटोंसाठी डिस्कवरच्या वेगवेगळ्या फोल्डरमधले पाच-सहा फोटो आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. नुसती फोल्डरची नावं दिसली म्हणजे फाइली चांगल्या आहेत असं होत नाही.

ही तपासणी तिमाहीला एकदा करा आणि तारीख डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहा. त्याच पट्टीवर डिस्क घेतल्याचं सालही लिहा. पाच वर्षं झालेल्या डिस्कवर एकमेव प्रत ठेवू नये, तिच्यातलं नव्या डिस्कवर उतरवून घ्यावं. हेच लग्नाच्या जुन्या सीडी-डीव्हीडींना लागू आहे. घरात जपून ठेवलेल्या त्या चकत्यांचा थर उष्णतेनं आणि दमटपणानं खराब होतो आणि नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्हच नसतो. ओळखीच्या कुणाकडे अजून चालू ड्राइव्ह असेल, तर या दिवाळीआधी त्या सगळ्या चकत्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या आणि त्यातले विधींचे, आजी-आजोबांचे निवडक तुकडे क्लाउडवर चढवा.